पान नऊवरची चूक

इतिहासाच्या बाईंना सगळी शाळा सनावळीबाई म्हणायची आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुठल्याही लढाईचं, तहाचं साल विचारा, बाईंना तोंडपाठ. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र दर वर्षी नवऱ्यालाच करून द्यावी लागे. "आपलं लग्न अजून इतिहासजमा झालेलं नाही," असं वर त्यालाच ऐकवायच्या.

शालेय इतिहास प्रकल्प स्पर्धा जवळ आली की बाईंच्या अंगात वारं संचारायचं. इतर शाळांतली मुलं थर्माकोलचे राजवाडे करत, त्यांना सोनेरी रंग फासत आणि उरलेलं काम आईवडिलांच्या गळ्यात मारत. बाईंना थर्माकोलचं वावडं. त्यांच्याकडे होते बुटांचे रिकामे खोके आणि कोऱ्या कार्डांचे गठ्ठे. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि खाली ती कोणी सांगितली किंवा कुठे पाहिली, हे लिहायचंच. नसेल लिहिलं तर कार्ड परत. एका वात्रट मुलानं 'सूर्य पूर्वेला उगवतो' असं लिहून खाली 'स्वतः पाहिलेलं नाही, त्या वेळी झोपलेला असतो' अशी नोंद केली होती. त्याला बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं आणि ते कार्ड कपाटात जपून ठेवलं.

बाईंनी स्वतःही एक पुस्तिका लिहिली होती. चोवीस पानांची, 'आपलं गाव' नावाची. सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीला नव्यानं लागल्यावर, पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडून त्यांनी ती जुळवली होती. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती मिळायची. गावाच्या इतिहासावर प्रकल्प असला की परीक्षकही तीच हातात धरून फिरायचे. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. बाईंचा सगळा जीव त्या चोवीस पानांत होता.

यंदा नववीतल्या एका मुलीनं पाण्याच्या जुन्या टाकीचा विषय घेतला. तिचे वडील पाणी खात्यात होते, गल्लीगल्लीत जाऊन पाणी सोडायचे. आधी आजोबाही तेच करायचे. मुलगी तशी अबोल, पण कोणी काही सांगितलं की हळूच "कशावरून?" विचारायची. त्यामुळे वर्गात तिचं नावच 'कशावरून' पडलं होतं.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती शिक्षकांच्या खोलीत आली, बाईंच्या टेबलावर तीन कार्डं ओळीनं मांडली आणि हात मागे बांधून उभी राहिली. पहिल्या कार्डावर होतं, टाकी एकोणीसशे एकतीस साली बांधली. टाकीवरच्या दगडावर तसं कोरलेलं आहे. 'आपलं गाव', पान नऊ. दुसऱ्यावर होतं, टाकी भरल्याची नोंद, एकोणीसशे चोवीस. पाणी खात्याची जुनी वही, वडिलांबरोबर गोदामात पाहिली. तिसऱ्यावर आजोबांचं सांगणं होतं. भिंतीला तडा गेला, ती दुरुस्त केली, तेव्हा तो दगड बसवला. टाकी त्याच्या आधीची.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साल काही बदललं नाही.

"वहीतली नोंद याच टाकीची कशावरून?"

"गावात तेव्हा दुसरी टाकीच नव्हती, बाई. तुमच्या पुस्तिकेतच आहे. पान दहा."

बाईंनी पान दहा उघडून पाहिलं. मुलगी चुळबुळली. "आणि आजोबा म्हणतात... जाऊ दे."

"बोल गं."

"तुम्ही टाकी बघायला आला होतात, तेव्हा त्यांनी तुम्हाला हे सांगितलं होतं म्हणे."

बाईंना आठवलं. रणरणतं ऊन होतं. हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक माणूस शेजारी येऊन म्हणाला होता, "बाई, टाकी दगडाच्या आधीची आहे. माझे वडील इथे कामाला होते." त्यावर आपण विचारलं होतं, "लेखी काही आहे का?" त्यानं मान हलवली. आपण दगडावरचं साल उतरवून घेतलं आणि चालू पडलो.

साल चुकलं, ते एक वेळ त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण समोर उभा राहून माणूस खरं सांगत होता आणि आपण त्याच्याकडे कागद मागितला, हे बाईंना फार लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मी ही दोन कार्डं काढून टाकते, बाई," मुलगी म्हणाली. "परीक्षक तुमचीच पुस्तिका बघणार. उगाच सगळ्यांसमोर तुमचं..."

खरं सांगायचं तर क्षणभर बाईंनाही वाटलं, काढू दे. कोणाला कळणार आहे? एकच वर्ष उरलंय. मुलीनं कार्डांकडे हात नेला मात्र, बाई ओरडल्या, "हात लावलास तर बघ!" मग खोक्यातून एक कोरं कार्ड ओढून त्यांनी त्यावर चार ओळी खरडल्या आणि ते चौथं म्हणून मांडलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात आखलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागे शिक्षक उभे होते. मध्ये बोललं की प्रकल्प बाद, असा नियम होता. आजोबा आपल्या लेकाचा, म्हणजे मुलीच्या वडिलांचा, हात धरून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसले होते. परीक्षक म्हणजे दुसऱ्या शाळेचे जाडजूड मुख्याध्यापक. त्यांनी पुस्तिका उघडली.

"इथे तर एकतीस साल दिलंय. तू तुझ्या बाईंपेक्षा शहाणी का?"

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंची जीभ शिवशिवत होती. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि फक्त मान हलवली, बोल.

"पान नऊवर बाईंची चूक आहे," मुलगी म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

मग तिनं वहीचा फोटो दाखवला, आजोबांचं कार्ड दाखवलं आणि चौथं कार्ड मोठ्यानं वाचलं. "टाकी दगडाच्या आधीची आहे, हे मला तिथे पाणी सोडणाऱ्या गृहस्थांनी सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांच्याकडे कागद नव्हता, म्हणून मी लिहिलं नाही. चूक माझी. कोणी सांगितलं: पुस्तिका लिहिणारीनं, स्वतः."

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं आणि आपल्या पुस्तिकेतलं साल तिथल्या तिथे खोडलं.

दुसरा नंबर आला. पहिला गेला दिवे लागणाऱ्या थर्माकोलच्या राजवाड्याला, आणि त्याबद्दल बाई अजून तावातावानं बोलतात. त्या दिवशी मात्र निकाल लागताच त्या पट्टा ओलांडून सरळ आजोबांकडे गेल्या.

"काका, मी तेव्हाच तुमचं ऐकायला हवं होतं. माफ करा मला."

आजोबा गडबडून उठले. "अहो बाई, ते काय घेऊन बसलात! रुखरुख तर मलाच लागून राहिली होती, इतकी वर्षं. एवढ्या उन्हातून आला होतात तुम्ही. सगळ्या गावाला पाणी सोडणारा माणूस मी, आणि तुम्हाला पेलाभर पाणीसुद्धा विचारलं नाही."