मुकादमाची पोथी

भैरू शेडगे 'दुमडलेलं पान' या पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तेव्हा नेरूळचे तीन सेक्टर हादरले, समोरच्या सोसायटीतल्या गाड्या आपोआप कोकलायला लागल्या आणि खाडीत एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो दुसरा पाय टेकवून सावध झाले, असं दुकानाची मालकीण गीतांजली सांगते. भैरूच्या मते फक्त एक स्टूल पडलं, आणि तेही आधीच मोडकं होतं.

दुकानाचं दार अडीच फुटांचं. भैरूचे खांदे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोणी वाहून तयार झालेले. तो दारात उभा राहिला की आत ट्यूबलाइट लावावी लागे. त्या दिवशी तो आला होता आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. आधीचा झेरॉक्सवाला जागा सोडून चार महिने झाले होते, पण त्याची पाटी गीतांजलीने मुद्दाम काढली नव्हती. त्या पाटीमुळे निदान माणसं आत तरी येत. त्या आठवड्यात दुकानात एक माशी तेवढी आली होती, आणि तीसुद्धा चार पुस्तकं चाळून काही न घेता गेली होती.

"काय वाचायला आवडतं तुम्हाला?" गीतांजलीने त्याची वाट अडवत विचारलं.

"पावती," भैरू म्हणाला.

"मग हे न्या. पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर परत आणा."

भैरूने पुस्तक तळहातावर तोललं. "पाऊण किलोला दहा ग्रॅम कमी," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मार्केटच्या काट्यावर ते सातशे चाळीस भरलं.

पुस्तकाचं नाव 'काजळगड, भाग पहिला'. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या पाच भागांच्या इंग्रजी मालिकेचा मराठी अनुवाद. त्यात तमा नावाची पंधरा वर्षांची पोर पंख असलेल्या लांडग्याला बरोबर घेऊन काजळगडाकडे निघते, आणि वाटेत जो भेटेल तो तिला मारायला बघतो. भैरूचं शिक्षण सातवी. पन्नासाव्या पानावर लांडगा कोरड्या विहिरीत पडला, आणि भैरू त्याच्यामागोमाग पडला तो कायमचाच.

अडचण एकच होती. भैरू अकरा हमालांच्या टोळीचा मुकादम. कोणी कुठली गाडी खाली करायची हे मुकादम ठरवतो, आणि टोळी त्याचं ऐकते ती थोडी घाबरून. असला माणूस उड्या मारणाऱ्या पोरीची गोष्ट वाचताना दिसला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला बटाट्यानेही विचारलं नसतं. म्हणून त्याने बायकोच्या, सत्यभामाच्या, जुन्या भगव्या पातळाचा तुकडा पुस्तकाला गुंडाळला. दुपारी मार्केट थंडावलं की तो रिकाम्या गोणपाटावर मांडी घालून ओठ हलवत वाचायला बसे. टोळीने ते पाहिलं आणि जो काढायचा तोच अर्थ काढला: मुकादमाने पोथी लावली.

भैरूने तो गैरसमज दूर केला नाही. करता आला असता, पण त्या भानगडीत लांडगा विहिरीतच राहिला असता.

मग प्रकरण वाढत गेलं. त्याच्या आसपास शिव्या बंद झाल्या, त्यामुळे निम्म्या टोळीला बोलायलाच काही उरलं नाही. एकाने गोणपाटाशेजारी उदबत्ती लावली. तमाची आई सापडते त्या पानावर भैरूच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा त्याच्या हाताखालचा कुलदीप बाकीच्यांना दबक्या आवाजात म्हणाला, "गप ऱ्हावा. मुकादमास्नी दर्शन झालंय." लोक सल्ला विचारायला लागले. कुलदीपने विचारलं, मेव्हण्याला टोळीत घेऊ का? भैरूचं लक्ष पुस्तकात होतं. समोर आलेली ओळच त्याने वाचून दाखवली, "ज्याच्या सावलीला शेपूट आहे, त्याला तंबूत घेऊ नये." टोळीने दोन दिवस त्यावर विचार केला आणि मेव्हण्याला घेतलं नाही.

खरं काय ते फक्त सत्यभामाला ठाऊक होतं. कोपरखैरण्याच्या घरात भाकऱ्या थापता थापता ती विचारी, "ती पोरगी पोचली का गडावर? दोन म्हैनं झालं, चालतीयाच. एखादी रिक्षा तरी करा म्हणावं."

तिसरा भाग मिळेना तेव्हा भैरूने सुट्टीचे रविवार शोधात घालवले. गीतांजलीने तिच्यासारख्याच वेड्या दुकानदारांची यादी लिहून दिली होती. ऐरोलीला आयटी पार्कच्या बाजूला एक दुकान होतं, तिथे कॉफी पुस्तकापेक्षा महाग होती आणि अंबाडा घातलेल्या मुलाने भैरूला पाहताच विचारलं, "पार्सल कुणाचं आहे?" पनवेलच्या दुकानात मालक स्वतःच वाचत बसला होता आणि गिऱ्हाईक आल्याबद्दल त्याने स्पष्ट नाराजी दाखवली. शेवटी रबाळ्याच्या एका गाळ्यात जुनी पुस्तकं किलोवर विकणारा भेटला. तिथे भैरूला माहेरी आल्यासारखं वाटलं. त्याने ढिगात हात घातला, आठशे ग्रॅमच्या आसपासचं जे जे लागलं ते ते बाहेर काढलं, आणि सातव्या खेपेला तिसरा भाग हातात आला.

शनिवारी संध्याकाळी गीतांजलीच्या दुकानात मुलांचा वाचक गट जमे. भैरूही जाऊ लागला. गटात सर्वांत तिखट होती आठवीतली ईश्वरी.

"काका, तमा चुकलीच. तिने चेटकिणीवर विश्वास ठेवायलाच नको होता. शी इज सो डम."

"मागनं शहाणपण सांगाया काय जातंय? बारा गावच्या फौजा मागं लागल्यावर तू काय केलं असतंस?"

"मी लोकेशन ऑफ केलं असतं."

वर्षाअखेर गटाने त्याला 'वर्षाचा वाचक' म्हणून निवडलं आणि पुठ्ठ्याचे लांडग्याचे कान लावून त्याचा फोटो काढला. गीतांजलीने तो मोठा करून गल्ल्यामागे लावला. भैरूला फोटो आवडला. नेरूळ आणि वाशीच्या मधे पुरेसं अंतर होतं.

चौथा भाग संपला तेव्हा तमा गडाच्या दारात होती, लांडगा जखमी होता आणि आतून कोणीतरी कडी काढत होतं. पाचवा भाग दिवाळीपर्यंत मराठीत येईल, आला की लगेच मागवते, असं गीतांजलीने कबूल केलं. आणि त्याच महिन्यात तिची इमारत धोकादायक ठरून सोमवारपर्यंत रिकामी करायची नोटीस आली.

ऐरोलीत तिला एक गाळा मिळत होता. पण मधे फक्त रविवार होता, पुस्तकं सहा हजार होती, आणि सामान हलवणारे चार दिवसांनंतरची तारीख देत होते.

"नाही जमलं तर सगळं प्रकाशकांना परत करते, शेडगेकाका," ती म्हणाली. "दुकान बंद."

"आन पाचवा?"

"पाचवा कुठून आणणार मग?"

सहा हजार पुस्तकं म्हणजे त्याच्या टोळीचं दोन तासांचं काम. भैरू घरी गेला आणि जेवला नाही. टोळी त्या दुकानात शिरली की मुकादमकी गेली. नाही शिरली तर कडी कोण काढतंय ते मरेपर्यंत कळणार नाही.

"माझ्या पातळाचा तुकडा तेवढा परत आणा," सत्यभामा म्हणाली. "बाकी तुमचं तुमी बघा."

रविवारी सकाळी टोळी टेम्पोसकट नेरूळला आली. पोथीवाल्यांचं दुकान म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. फोटो उतरवून ठेवा, असं भैरूने गीतांजलीला तीनदा सांगितलं होतं. गडबडीत ती विसरली.

कुलदीप गल्ल्यासमोर थांबला. मागे एकेक करून दहाजण थांबले.

"मुकादम, ह्ये कान कशाचं?"

"लांडग्याचं."

"पोथीत लांडगा हाय?"

"हाय."

"कुठल्या देवाचं वाहन?"

एखाद्या देवाचं नाव सांगणं सोपं होतं. टोळीने आनंदाने ऐकलं असतं आणि फोटोला हार घातला असता. भैरूने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खोक्यांकडे.

"देवाचं न्हाय. एका पोरीचा हाय. पंख असत्यात त्येला. पोथीबिथी काय न्हाय, गोष्ट हाय. पोरासोरांची."

मग कुलदीपच्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"म्हंजी माझ्या मेव्हण्याला लांडग्याच्या सांगण्यावरनं घेतलं न्हाय व्हय?"

"लांडग्याच्या न्हवं. चेटकिणीच्या."

"वर्षभर आमी उदबत्त्या लावल्या," मागून एकजण म्हणाला. "चंदनाच्या."

"आन मी शिव्या सोडल्या," दुसरा म्हणाला, आणि सोडलेल्या सगळ्या त्याने तिथल्या तिथे परत घेतल्या. टोळी इतकी हसली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी इमारत पडतेय समजून दागिने घेतले आणि खाली आल्या. मग सगळ्यांनी चपला घातल्या आणि खोकी उचलली.

दोन तास म्हटलं होतं, पावणेदोनमध्ये गाळा भरला. गीतांजली नोटिशीची कागदपत्रं आटपून ऐरोलीला पोचली तेव्हा टोळी नुसती खोकी उतरवून थांबलेली नव्हती. त्यांनी फळ्यांवर पुस्तकंही लावून टाकली होती. कांदा लावतात तशी: खाली मोठा माल, मधे मध्यम, वर गोल्टी, म्हणजे बारका माल. स्वयंपाकाची जाडजूड पुस्तकं आणि शब्दकोश जमिनीलगत, कादंबऱ्या कमरेशी, आणि झाडून सगळ्या कविता माळ्याला टेकलेल्या. 'काजळगड'चे चार भाग चार जाडीचे असल्यामुळे दुकानाच्या चार कोपऱ्यांत गेले होते.

"असं लावलं की थप्पी ढासळत न्हाई," भैरूने समजावलं.

गीतांजली स्टुलावर बसली. हे स्टूल नवं होतं, म्हणून टिकलं. पुस्तकं जागेवर लावायला तिला आणि ईश्वरीच्या गटाला अकरा दिवस लागले. गोल्टीचा, म्हणजे कवितांचा, मात्र तोवर बराच खप झाला. इतकी वर ठेवलेली चीज भारी असणार, असं गिऱ्हाइकांना वाटलं असावं.

भैरूची मुकादमकी गेली नाही. सल्ला विचारणारे थांबले, लांडग्यासारखं ओरडून हाक मारणारे वाढले. मेव्हणा टोळीत आला आणि पहिल्याच आठवड्यात पाठ धरून बसला. कुलदीपने पहिला भाग मागून नेला आणि वीस पानांनंतर परत केला. "लय चालती ती बाई," म्हणाला.

दिवाळीनंतर गीतांजलीला प्रकाशकाचं पत्र आलं. चौथ्या भागाच्या दोनशे बारा प्रती खपल्या होत्या, त्यामुळे पाचवा भाग मराठीत काढणार नव्हते. कडी कोण काढतंय ते आता फक्त इंग्रजीत होतं, आणि भैरूचं शिक्षण सातवी.