कोंबडा की कोंबडी

भिसेगावच्या वळणावर डोंगरातल्या वाडीवरची एक बाई उन्हाळाभर करवंदं विकायला बसते. तिचं नाव मला ठाऊक नाही. पुढ्यात दोन टोपल्या असतात. पानाचा द्रोण भरताना ती एक मूठ हिच्यातली घेते, एक तिच्यातली.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. संभाव्यतेच्या पहिल्या तासाला तिचीच करवंदं नेतो आणि मुलांना लहानपणीचा खेळ खेळायला लावतो. करवंद चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. फळ्यावर दोन्ही दरवर्षी जवळपास सारखेच भरायचे. "बघा, निसर्ग नाणं उडवतोय," असं मी ऐटीत सांगायचो.

यंदा तिच्यापुढे एकच टोपली होती. वर्गात पंचवीस करवंदं चावली, पंचवीसही कोंबडे. मुलं हसली.

परतताना तिला विचारलं. द्रोण भरता भरता, मान वर न करताच ती म्हणाली, "ह्या जाळीचं समदं लालच निघतं, दादा. पांढऱ्याची जाळी तोडली, तिथं फार्महाऊस व्हतंय. मी दोनी मिसळून द्यायची. नायतर पोरं खेळतील काय?"

निसर्गाच्या नावावर मी इतकी वर्षं तिच्या दोन मुठी शिकवत होतो.