गंजणारा गळ

भंडारदरा धरणाच्या काठावर दर रविवारी एक म्हातारा मासे धरायला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आधी तो गळाला आमिष म्हणून लावतात तसलं एक जांभळं रबरी गांडूळ काढायचा आणि डबीतला एकेक गळ त्याच्याशेजारी धरून बघायचा. मनासारखा गळ सापडला की दोन्ही कागदात गुंडाळून खिशात ठेवायचा आणि दुसऱ्या गळाला कणीक लावून पाण्यात टाकायचा.

एकदा न राहवून विचारलं, "बाबा, हे गांडूळ लावत का नाही?"

"लेकीनं धाडलंय परदेसातनं. न्हानपनी हितंच बसायची माझ्याजवळ. आली की तीच टाकंल."

"मग दर रविवारी नवा गळ कशाला?"

"रबराला काय व्हत न्हाई. गळ गंजतो की."

बोलता बोलता तो दगडावर जरा सरकला. शेजारी जागा झाली. मी उभाच राहिलो.