हर्षदाचा खलाशी

हर्षदाच्या भावाचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका नव्या मुलीला डोंगराच्या सावल्या कशा रंगवायच्या ते दाखवत होते. "ताई, ती गेली. आई जवळ होती," एवढंच तो म्हणाला. परळच्या हॉस्पिटलात आमची शेवटची भेट झाली तेव्हा तिने माझ्याकडून नखं कापून घेतली होती. "वाढलेली नखं कीबोर्डवर वाजतात, डोकं फिरतं माझं," असं म्हणाली होती. कीबोर्डला हात लावून तिला महिने झाले होते... मी नखं कापत राहिले.

हर्षदा नाखवा हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. तिने केलेला एखादा गेम मात्र तुमच्यापैकी कुणीतरी नक्की खेळला असेल. आमच्या कंपनीचं नाव 'तिसरा माळा'. दादरला साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या दुकानावर आमची खोली होती, तीही पहिल्या मजल्यावर. पण आमचा भागीदार प्रशांत डिलाईल रोडच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर वाढलेला आणि नाव ठेवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलेलं. तो बाहेरची कामं आणायचा, मी चित्रं काढायचे आणि त्या चित्रांना जीव द्यायची ती हर्षदा. खालच्या शिलाई मशिनींनी आमच्या खोलीची जमीन थरथरायची. पहिला गेम केला दहीहंडीचा, बटणांच्या फोनवर चालणारा. थर लावायचे, तोल सांभाळायचा, बस्स. तो लोकांना आवडला. मग मखर सजवायचा एक, कबड्डीचा एक. पुढे टचस्क्रीन आले आणि आमचे सगळे गेम एका झटक्यात म्हातारे झाले. परदेशी कंपन्यांच्या मोठमोठ्या गेमसाठी फुटक्या खिडक्या, गंजलेली दारं, पडक्या भिंती करून द्यायचं काम आम्ही धरलं. त्यावर बरीच वर्षं काढली. त्या गेमच्या शेवटी नावांची लांबलचक यादी सरकत जाते, तिच्यात आमचं नाव कधीच नसे.

त्या कंटाळ्यातून 'नांगर' आला. तो पूर्णपणे हर्षदाचा गेम. ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. कॉलेजात असताना तिच्या बाबांची होडी वादळात उलटली. बरोबरचे खलाशी पोहत दुसऱ्या होडीला लागले, बाबा लागले नाहीत. प्रेतही मिळालं नाही. तिच्या आईने दिवस घालू दिले नाहीत. "मढं आणून दाखवा, मग बघू," म्हणून समजूत घालायला आलेल्या भावकीला तिने दारातूनच परत पाठवलं होतं. हर्षदाने हे मला एकदाच सांगितलं, वडापाव खाता खाता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. 'नांगर'मध्ये खेळणारा होडीचा तांडेल असतो, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर चालते. वारं ओळखायचं, जाळं टाकायचं, माणसं सांभाळायची. शेवटच्या फेरीत वादळ येतं आणि एक खलाशी पाण्यात पडतो. तुम्ही काहीही करा, दोर टाका, होडी वळवा, तो हाताला लागत नाही. त्याला सोडून किनाऱ्याला यावं लागतं. तिथे गेम संपतो.

लोकांनी शिव्या घातल्या. गेम सुंदर आहे पण शेवटी बिघाड आहे, असं ते लिहायचे. प्रशांत हैराण झाला. "हर्षू, लोक एकेक स्टार देतायत. तो माणूस वाचू दे ना एकदा."

"तो बिघाड नाहीये."

"अगं पण त्यांना काय माहीत?"

"मग त्यांना म्हणावं, आता माहीत झालं."

तेव्हा तिच्यापुढे कुणाचं चाललं नाही. पण परदेशी कामं एकेक करून बंद झाली, खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, आणि गेम विकत घेऊन पसरवणारी एक मोठी कंपनी दाराशी आली. त्यांची अट एकच. खलाशी पडला की पडद्यावर बटण आलं पाहिजे: 'जाहिरात बघा, खलाशी वाचवा'. साबणाची नाहीतर बिस्किटाची जाहिरात पूर्ण बघितली की दोर नेमका त्याच्या हातात पडणार. दुसऱ्या दिवशी हर्षदा आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "मीच करते. बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही." दोर धरणारा तो ओला हात मी रंगवला. तिने चार वेळा परत पाठवला. "बोटं अजून सुजलेली हवीत. पाण्यात होता तो."

त्यानंतर 'नांगर' खूप चालला. आमच्या सगळ्या गेममध्ये तेवढाच एक. लोक आम्हाला कार्यक्रमांना बोलवायला लागले, हर्षदा एकाही कार्यक्रमाला गेली नाही. मला वाटायचं, तिला त्या बटणाचा राग आहे. एकदा तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, गोष्ट वेगळीच होती. तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते, उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, पुढ्यात सुकत घातलेले बोंबील, हातात मोबाईल. खलाशी पडला. मावशींनी चष्मा सारखा केला, बटण दाबलं, मोबाईल मांडीवर ठेवून साबणाची जाहिरात हात जोडून शेवटपर्यंत बघितली. दोर पडला, माणूस वर आला. त्यांनी मान हलवली आणि गेम पहिल्यापासून सुरू केला.

"रोज?" मी हळूच विचारलं.

"रोज," हर्षदा म्हणाली. "मी शिकवलं नाही गं. नितीनच्या मुलीने लावून दिलं. आता दुसरं काही बघतच नाही ती."

पुढचं थोडक्यात सांगते. त्या मोठ्या कंपनीने 'नांगर' घेतलाच होता, मग तिच्याहून मोठ्या कंपनीने त्या कंपनीलाच घेतलं, आणि नव्या मालकांना होड्यांमध्ये रस नव्हता. गेम बंद झाला. तिसरा माळाही बंद झाला, प्रशांत नोकरीला लागला, मीही. दहीहंडी, मखर, कबड्डी, यातलं काहीच आज कुठल्या फोनवर चालत नाही. इतक्या वर्षांचं काम दाखव म्हटलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. त्याच सुमारास हर्षदाच्या पोटात गाठ निघाली.

मावशींच्या फोनवर गेम तसाच होता, पण जाहिराती यायच्या बंद झाल्या होत्या. बटण दाबलं की एक चक्र नुसतं फिरत राहायचं आणि खलाशी पाण्याखाली जायचा. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, फोन बिघडला. मग त्यांनी लेकीला गळ घातली. हर्षदा तेव्हा केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये घरी होती, बसू शकत होती, टाईप करू शकत होती.

"करून दे ना," मीही म्हणाले. "तुला काय, तासाभराचं काम. जाहिरातच काढून टाक."

ती छताकडे बघत म्हणाली, "आता मी जाणार आहे शुभदा. मी त्याला वाचवून दिलं ना... तर ती मलाही असंच शोधत बसेल कशात तरी." मग आईला हाक मारून तिने शेजारी बसवलं. "आई, तो नाही यायचा आता. बाबा बुडाले गं. तेव्हाच बुडाले."

मावशी उठून बाहेर गेल्या. कित्येक दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट ठेवायच्या, औषध द्यायच्या, तोंडातून शब्द नाही. हर्षदाने तेही सोसलं. हॉस्पिटलात हलवल्यावर मात्र मावशी तिच्या उशाशी जाऊन बसल्या त्या हलल्याच नाहीत. शेवटच्या सकाळी तिचा हात धरून होत्या, असं नितीन सांगतो. तेराव्याला भटजींनी नाव विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन नावं घ्या." आणि नवऱ्याचं नाव उच्चारलं. मी मागे उभी होते. नितीन भिंतीकडे तोंड करून रडत होता.

गेल्या रविवारी मी मच्छीमार नगरात जाऊन आले. हर्षदा माळ्यावर झोपायची. तिथे तिचं अंथरूण गुंडाळलेलं, शेजारी स्टुलावर लॅपटॉप, वायर लावलेली. त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. आत काय आहे ते आता कळायचं नाही. मावशी शिडी चढून वर आल्या, पदराने लॅपटॉपचं झाकण पुसलं, लाल दिवा जळतोय ना ते वाकून बघितलं. माझ्या मनातलं त्यांना समजलं असावं.

"वाट नाही बघत मी," त्या म्हणाल्या. "हिला जाताना बघितलंय मी." मग वायर चाचपत, "पण बॅटरी उतरलेली तिला खपत नाही. ओरडते."

आम्ही दोघी दिवा हिरवा होईपर्यंत तिथे बसून राहिलो. मग त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळली आणि आम्ही खाली उतरलो.