मी अर्जदार

वाचनालयातले किस्से कपाटातल्या जुन्या अंकांसारखे साचतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही आणि टाकवतही नाहीत. पुढचा पहिला किस्सा मी आषाढातल्या एका शुक्रवारी बीडच्या आमच्या वाचनालयाचे चिटणीस बळवंतराव यांच्या तोंडून ऐकला. बाकीच्या प्रसंगी मी स्वतः हजर होतो.

दर गुरुवारी संध्याकाळी तिथे भाषणे होत. मी नुकताच एम.ए. होऊन परतलो होतो आणि तिथला मुख्य वक्ता मीच, असा माझा समज होता. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी मला ताप होता. माझ्या जागी दत्तोबांना उभे केले गेले. निजाम सरकारच्या कचेरीसमोर, लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे हे गृहस्थ. विषय होता पाणी. त्यांनी सुरुवातच केली, "मी धा वर्साचा असताना तलवाड्याच्या आडात माझा बाप पडला."

बळवंतराव मला म्हणाले, "मास्तर, पानसुपारीचं तबक फिरलं, पण कुणी हात लावला न्हाई."

०

पुढच्या गुरुवारी मी 'सत्य' या विषयावर एकोणीस संदर्भांसह बोललो. तिसऱ्या मुद्द्यालाच तबक रिकामे झाले.

नंतर दत्तोबा आपुलकीने जवळ आले. "लई चांगलं बोललात, मास्तर. फक्त तुमी त्यात कुठं दिसला न्हाईत."

वक्त्याने विषयाआड राहावे, असा नियम मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. ती मान मला आठवडाभर टोचत राहिली.

०

श्रावणात दत्तोबा पुन्हा उभे राहिले. युसूफ वडगावला पटकीच्या साथीत माझा बाप गेला, असे त्यांनी सांगितले. लोक डोळे पुसत होते. सभेत आनंद झालेला मी एकटाच होतो, हे कबूल करतो.

सभा उठल्यावर मी विचारले, "दत्तोबा, आपले वडील तलवाड्याच्या आडात वारले होते ना?"

ते अजिबात गडबडले नाहीत. "आडातला बी खरा, पटकीतला बी खरा. मान्सं रडत येत्यात, मी त्यांचा अर्ज लिव्हतो. 'मी अर्जदार' असंच लिव्हावं लागतं. आता बोलताना बी तेच तोंडात येतं."

"मग आपले स्वतःचे वडील?"

"घरी हाईत. जेवाया बसले असतील."

०

मी बळवंतरावांकडे दोन पानी लेखी तक्रार दिली: दोन्ही भाषणांची तिथी, विधाने आणि त्यांतील विसंगती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि परत दिली.

"तुमचं म्हणणं नेमकं काय, ते कळंना. दत्तोबांकडून नीट लिव्हून घ्या."

०

भाद्रपदात कचेरीचा हुकूम आला की इजाजतीशिवाय भाषणे बंद. जिल्ह्याचे मुख्य अधिकारी तालुकदारसाहेब स्वतः येऊन एक भाषण ऐकणार आणि मग निर्णय देणार. ते भाषण माझे व्हावे, अशी माझी तीव्र इच्छा होती. बळवंतरावांनी हात वर करायला सांगितले. सात सभासदांपैकी सहा हात दत्तोबांसाठी वर गेले. सातवा हात माझा होता. तो मी कोटाच्या खिशात ठेवला.

साहेब आले त्या दिवशी दत्तोबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"हुजूर, मी लई शिकलो, पन माझं कुनी ऐकत न्हाई. दर बुधवारी मी गोठ्यात जातो आन् म्हशीपुढं भाषन करतो. परवा तिसऱ्या मुद्द्याला तिनं बी पाठ फिरवली. तरी गुरुवारी मी हितं येतो. मला उभं राहू देनारी ह्या गावात हीच एक जागा हाय, हुजूर. ती बंद झाली तर मी कुठं जाऊ?"

लोक आधी पोट धरून हसले. मग कोणीच हसेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि दौत-लेखणी मागितली. तबक माझ्यापुढे आले. मी हात लावला नाही.

म्हशीने पाठ फिरवली ती चौथ्या मुद्द्याला, तिसऱ्या नव्हे. एवढी दुरुस्ती मी नोंदवतो. पण गोठ्याची कडी मी नेहमी आतून लावीत असे. दत्तोबांना हे कुणाकडून कळले, ते मला कधीच पक्के करता आले नाही.