सोडून देणारी तार

आमच्या गावात विजेला एकच शब्द आहे, करंट. मिक्सरला हात लागून मुंग्या आल्या तरी करंट, खांबावरच्या तारेनं माणूस गेला तरी करंट. या एका शब्दापायी त्या पावसाळ्यात माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं कडाक्याचं वाजलं, आणि मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात काही जण अजूनही वेगळंच सांगतात.

चंद्रपूरहून मूल गावाकडे जाताना जंगलाला लागून आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत. रानडुकरं शिरली की अर्धी बांधी लोळवून जातात. म्हणून भावानं शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बांबूच्या खुंट्या रोवून तार ओढली होती आणि तिला झटका मशीन लावली होती. ही मशीन बॅटरीवर चालते आणि क्षणाक्षणाला तारेत एक जोरदार ठोका सोडते. डुक्कर किंचाळून पळतं, पण जगतं. त्या वर्षी शेताजवळ वीज पडली आणि मशीन गप्प झाली. चंद्रपूरच्या दुकानदारानं ती उघडूनही पाहिली नाही. नवी दिवाळीनंतर येईल, म्हणाला. मी म्हटलं, सर्किट जळलं असेल, मी दुरुस्त करते. तर म्हणतो कसा, “ताई, घरच्या माणसाले पाठवा, त्याले समजावून सांगतो.” मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आणि ओसरीवर बसून अर्ध्या गावाचे टीव्ही चालू करणारी बाई. मशीन काखेत मारली आणि बस पकडली.

घरी आले तर भावाचं ठरलेलं होतं. “मी आकडा टाकतो.”

आकडा म्हणजे खांबावरच्या लाईनवर चोरून तार अडकवायची आणि तिचं दुसरं टोक कुंपणाला जोडायचं. आमच्या धुऱ्यावरून रोज सकाळी शेजारची मावशी वरच्या बोडीच्या तळ्यात मासे धरायला जायची. अनवाणी, खांद्यावर जाळं, येताना साडी गुडघ्यापर्यंत ओली. लहानपणी मला पोहायला शिकवलं ते तिनंच, त्याच बोडीत.

“मावशीचं काय?” मी विचारलं.

“तिले सांगून देऊ, तिकून नको जाऊ म्हणून. आन् सकाळी मी आकडा काढूनच घेईन ना.”

“एखाद्या दिवशी झोप लागली त?”

“तुह्या मशीनीतई करंटच असते. तवा काऊन नाई बोलली?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण भावालाही कसं रागवावं? धान पोटरीवर आलं होतं आणि वर्षाचं पोट त्यावरच होतं. शेवटी त्यानं मला पोळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर मशीन चालली नाही, तर आकडा.

मशीन उघडली. झटका साठवणारा मोठा कपॅसिटर धड होता, तारेवर ठोका सोडणारा भागही धड होता. जळला होता तो बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीनशेच्या वर व्होल्ट चढवून कपॅसिटर भरणारा भाग. हे चढवण्याचं काम एक गुंडाळी करते. तिच्यातून करंट वाहू द्यायचा आणि मध्येच तोडायचा. तोडला की ती उसळते, बॅटरीच्या कितीतरी पट जोरानं. माझंही तसंच आहे, मध्येच कोणी तोडलं की. प्रत्येक उसळी डायोडमधून कपॅसिटरमध्ये ढकलायची, डायोड तिला परत येऊ देत नाही. सेकंदाला हजारो उसळ्या, आणि कपॅसिटर भरत जातो.

गुंडाळीसाठी मेलेल्या यूपीएसमधला गाभा काढला आणि तांब्याची तार मोजून गुंडाळली. पहिल्या दिवशी करंट तोडणारा ट्रान्झिस्टर टच् करून गेला. दुसरा लावला, तर व्होल्टेज शंभराच्या पुढं सरकेना आणि डायोडला बोट लावलं तर चटका. दोन दिवस मी गुंडाळीलाच दोष देत बसले. मग लक्षात आलं, की मी घरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरमधला साधा डायोड लावलाय. तो एवढ्या घाईत दार बंदच करू शकत नाही, आत गेलेलं परत बाहेर येतं. जुन्या टीव्हीतला वेगवान डायोड काढून लावला आणि मीटरचा आकडा सरसर वर गेला. मी एकटीच ओसरीवर ओरडले.

त्या आनंदात बॅटरी काढून बोर्ड उचलला. बॅटरी काढली म्हणजे सगळं मेलं असं समजले, आणि भरलेल्या कपॅसिटरनं कोपरापर्यंत असा हिसका दिला की मी जमिनीवर बसले. भाऊ दारातून म्हणाला, “भेटला करंट?” नशीब, नुसत्या हिसक्यावर भागलं. तेव्हापासून कपॅसिटरला आधी बल्ब टेकवून रिकामं केल्याशिवाय मी हात लावत नाही.

पोळ्याच्या सकाळी मशीन तारेला लावली. टक्, टक्, टक्. बैल धुवायला निघालेले चार जण थांबले. भाऊ बांबूला बांधलेला आकडा घेऊन उभाच होता. मी पदर खोचला आणि उलट्या हातानं तारेला शिवले. हात झटक्यानं मागं आला, डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांदेखत परत शिवले.

“पाह्यलं? मारते आन् सोडून देते. खांबाचा करंट धरून ठेवते. आता तू तुही तार लाव आन् हात लावून दाखव. दोन्हीत करंटच असते ना?”

चौघांपैकी एक हसला, तसा भाऊ त्याच्यावर खेकसला. मग आकडा बांबूवरून सोडला, तार गोल गुंडाळली आणि बैलांकडं निघून गेला.

डुकरं त्या वर्षी आली, किंचाळली, परत गेली. धान उभं राहिलं.

पोळ्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी घरामागं भांडी घासत होते. बांध्यांकडून आरोळी आली. भाऊ हातातला चहा टाकून पळाला, त्याच्यामागं मी. धुऱ्यावर पाय निसटून मावशी तारेवर गेली होती. जाळं चिखलात, मासे बांधीत तडफडताहेत, आणि मावशी कंबरेवर हात ठेवून उभी.

“कोन लावली ही तार? हात झडो त्याचे! माहे सारे मासे गेले ना बावा!”

भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो चिखलात उतरला.

“मी लावली मावशी,” मी म्हटलं. “दे शिव्या. अजून दे.”

आणि तिनं दिल्या. भाऊ मान खाली घालून चिखलातले मासे गोळा करत होता.