नवव्या घराची भिंत

जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत बदलीचा हुकूम आला, की सैनिकाच्या बायकोला सरकारी घर होतं तसं परत करावं लागे. डोरीन टकवेलची अशी आठ घरं झाली होती आणि एकावरही शेरा पडला नव्हता. सायप्रसला निघण्याआधी नववंही तसंच सोडायचं, हा तिचा हट्ट होता. पण तपासणीला या वेळी ओळखीच्या साहेबांच्या जागी नवे गार्साइडसाहेब आले. त्यांनी ओव्हनमधून बोट फिरवलं, मग वाकून भिंतीला नाक लावलं.

"पेपरमिंट! खिळ्यांची भोकं टूथपेस्टनं बुजवलीत ना, बाई?"

डोरीनचे कान तापले. "सगळ्याच बुजवतात, साहेब."

"ठाऊक आहे. आमची बायकोही त्यातलीच. जाऊ द्या, करतो सही."

"थांबा." तिनं त्यांच्या हातातला कागदच काढून घेतला. "उपकाराची सही नको मला. शेजारच्या मेव्हिसकडं प्लास्टर आहे, आणते. तोवर बसा."

"खुर्च्यांवर तर तुम्ही मोजणीसाठी सरकारी भांडी मांडून ठेवलीत!"

"मग उभे राहा."

तिनं अकराही भोकं चमच्याच्या दांड्यानं कोरली, प्लास्टरनं भरली, वरून तळहात फिरवून पाहिला. मग कागद पुढं केला.

"घ्या आता वास."